सिस्टरचा उजवा हात

मातीच्या खोलीत एकूण एकतीस हत्यारे होती. लाकडी कोरण्या अकरा, तारेच्या कोरण्या सात, कॅलिपर चार, ओळंबे दोन, थापट्या दोन, पाण्याचा फवारा एक, पकड एक, सुरी एक आणि पुतळा फिरवायचा पाट एक. हे झाले तीस. एकतिसावी मी. मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करते की माझ्यावरचे एकही माप खरे नाही.

दचकू नका. मला मुद्दाम तसे आखलेले आहे. माझा एक सेंटिमीटर तुमच्या कंपासपेटीतल्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. माझ्यावर साठ लिहिलेले असते तिथे खरे साठ सेंटिमीटर आणि वर नऊ मिलिमीटर भरतात. कारण सरळ आहे. वितळलेले ब्राँझ साच्यात ओतले की थंड होताना ते अंग चोरते. हजाराला पंधरा भागांनी आकसते. म्हणून मातीचा पुतळा आधीच तेवढा मोठा करावा लागतो. आता नाकापासून नखापर्यंत प्रत्येक मापाचा गुणाकार कोण करत बसणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी करायची. मातीवर माझे साठ मोजले की धातूत खरे साठ उतरतात. मी खोटी आहे ती खऱ्यासाठी. कारखान्यात मला ‘वाढीव’ म्हणत.

मला एका घड्याळजीने आखले. एकाच पोलादाच्या पातीचे दोन तुकडे करून त्याने त्याच दिवशी माझी जुळी बहीणही आखली. ती खऱ्या मापाची. तिला ‘सरळ’ म्हणत. दिसायला आम्ही इतक्या सारख्या होतो की घड्याळजीनेच विचारले, “ह्या दोघींत गोंधळ झाला तर?”

“होणार नाही,” शिल्पकार म्हणाला. त्याने लाल रंगात ब्रश बुडवून माझ्या एका टोकाला बोटभर पट्टा ओढला. पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ आली. मग त्याने कारखान्याचा कायदा केला. वाढीवने मातीच्या खोलीबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि सरळने आत यायचे नाही. बाहेरची मापे, चौथरे, दरवाजे, तयार धातू, हे सारे सरळचे. माती माझी. दोघी एकमेकींशेजारी कधीही ठेवायच्या नाहीत. त्या दिवसानंतर मी माझ्या बहिणीला एकतीस वर्षे पाहिले नाही.

शिल्पकाराला सगळे आप्पा म्हणत. माणसांचे पुतळे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या पुतळ्यांच्या मानेतल्या शिरा पाहून लोक आपल्या मानेला हात लावत. आता मी त्यांच्या खोलीत राहिले म्हणून गोड बोलले पाहिजे असे काही नाही. आप्पा निष्ठुर होते. एकदा ओझेवाल्याचा पुतळा करायचा होता. त्यांनी खऱ्याच एका हमालाला डोक्यावर पोते देऊन उभे केले. पाऊण तासाने त्याचे गुडघे थरथरू लागले.

“साहेब, उतरवू का?”

“थांब रे. आत्ता कुठे खरा दिसायला लागलास.”

हमाल कोसळला तेव्हा आप्पांच्या हातातली माती थांबली नाही. तो पुतळा फार गाजला.

घरात दोन मुली होत्या. धाकटी लग्न करून लांब गेली. थोरली राहिली. ती दहा वर्षांची असताना आप्पांनी तिला मातीच्या खोलीच्या चौकटीला पाठ लावून उभे केले आणि मला लावून तिची उंची मोजली. पोर खरी एकशे बत्तीस सेंटिमीटर होती. माझ्या हिशेबाने एकशे तीस भरली.

“वर्गातल्या सगळ्या माझ्याहून उंच आहेत का, आप्पा?”

“असतील. तू आखूडच आहेस जरा.”

पोर हिरमुसून गेली. आप्पा एकटेच हसत बसले. दर वाढदिवसाला हा खेळ चाले. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा तिला माझे गुपित सांगितले गेले, तोवर तिला खांदे पाडून चालायची सवय लागली होती, आणि ती सवय पुढे कधी गेली नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती मातीला बसली. पहिली दोन वर्षे आप्पांनी तिला फक्त सांगाडे बांधायला लावले. लोखंडी सळीवर तार गुंडाळायची, वर काथ्या, वर माती. मग कान दिले. मग पावले. केलेले आवडले नाही की ते तिच्या देखत तार आरपार ओढत. कान टपकन पाटावर पडे. “उचल. ओला आहे तोवर कालव,” एवढेच म्हणत. सहाव्या वर्षी त्यांनी तिला हात दिले. हात म्हणजे पुतळ्यातले सगळ्यात अवघड काम, मित्रांनो. चेहरा चुकला तर लोक म्हणतात, वय झालेय. हात चुकला तर मूलसुद्धा ओळखते.

थोरलीचे हात चुकत नसत. शेवटची बारा वर्षे त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पुतळ्याचे हात तिने केले होते. वर्तमानपत्रात छापून येई, ‘आप्पांच्या हातांना तोड नाही’. आप्पा ते कात्रण कापून ठेवत. जोडीला ओतशाळेतला ओतारी होता. धातू ओतणारा म्हातारा, तोंडाने सैल पण मनाचा स्वच्छ. तो एकदा म्हणाला, “आप्पा, पोरीचं नाव तरी लिहा कुठंतरी. पायाच्या तळव्याला लिहा, कुणाला दिसायचं नाही.”

“तू धातू ओत. शब्द ओतू नकोस,” आप्पा म्हणाले.

माझ्या आयुष्यातले पहिले मोठे काम म्हणजे सिस्टरचा पुतळा. एका मोठ्या हॉस्पिटलच्या अंगणात उभी असलेली परिचारिका, माणसापेक्षा सव्वापट उंच, दोन्ही हात पुढे केलेले, तळवे वर. कुणीतरी पडते आहे आणि ही झेलणार आहे, असे. तेव्हा थोरली लहान होती. त्या पुतळ्याचे हात आप्पांचे स्वतःचे, त्यांच्या उमेदीतले. त्यांना त्यांचा गर्व होता आणि तो खोटा नव्हता.

तीस वर्षांनी हॉस्पिटलच्या अधीक्षक बाई कारखान्यात आल्या. मी खिळ्यावरून ऐकत होते.

“आप्पा, आमच्या सिस्टरचा उजवा हात मोडला.”

“कुणी मोडला?”

“आमच्याच रुग्णवाहिकेनं. मागं घेताना धडकली. हात खाली पडला, वरून चाक गेलं. पत्रा झालाय त्याचा.”

“मग हॉस्पिटल तुमचंच आहे की. घाला प्लॅस्टर!” आप्पा मोठ्याने हसले. हसताना हातातला चहा कपात कमी आणि बशीत जास्त राहिला. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते. बाईंनी बशीकडे पाहिले. डॉक्टर माणूस, त्यांनी फार वेळ पाहिले.

“राग मानू नका. हे काम तुमच्या मुलीनं करावं असं आमच्या समितीचं मत आहे. नवी पाटी लावू, तिच्यावर तिचं नाव. आणि हे नीट जमलं ना, तर नव्या इमारतीसमोरचा मोठा पुतळासुद्धा तिच्याकडेच.”

थोरली दारात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचे नाव कुठेतरी लिहिणार होते.

“लिहा की,” आप्पा म्हणाले. “पोर माझीच आहे.”

बाई गेल्यावर आप्पांनी तिला जवळ बोलावले आणि शांतपणे सल्ला दिला. “हे बघ, मोडक्या टोकाची प्लॅस्टरमध्ये छाप घेऊ नकोस. तीस वर्षांची काळी-हिरवी साय चढलीय धातूवर. प्लॅस्टरनं निघून येईल. पट्टी आणि कॅलिपर. मापावर विश्वास ठेव.”

“बरं, आप्पा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली समितीच्या बैठकीला गेली. आई आतल्या खोलीत निजली होती. आप्पा मातीच्या खोलीत आले आणि त्यांच्या हातात सरळ होती. माझी बहीण. एवढ्या वर्षांनी मी तिला पाहत होते, आणि आनंद होण्याआधीच मला काय चालले आहे ते समजले. आप्पांनी चिंधीला थिनर लावला आणि माझ्या टोकाचा लाल पट्टा पुसला. मग तोच जुना डबा उघडून सरळच्या टोकाला लाल पट्टा ओढायला घेतला. हात थरथरत होता. पहिला पट्टा ओघळला. तो पुसला. दुसरा कसाबसा जमला, पण कड दातेरी आली, करवतीसारखी. त्यांनी फुंकर घालून तो वाळवला. सरळला माझ्या खिळ्यावर टांगले आणि मला बाहेरच्या खोलीत तिच्या खिळ्यावर.

एवढेच. मला कोणी वाकवले नाही, तोडले नाही. माझे आयुष्यभराचे काम मात्र त्या दुपारी उलटे झाले.

आठवड्याने थोरली मला घेऊन हॉस्पिटलच्या अंगणात गेली. मी जन्मात पहिल्यांदा कारखान्याबाहेर पडले. सिस्टर उभी होती. डावा हात पुढे, तळवा वर, आणि उजवीकडे कोपराखाली एक फाटका गोल. थोरली परांचीवर चढली. डाव्या हाताची मापे घेऊन त्याचा उजवा जोड करायचा, असा बेत होता. कॅलिपर बोटावर लावायचा, उघडाच माझ्यावर टेकवायचा, आकडा वहीत लिहायचा. करंगळी, नख, मनगट, शीर. दिवसभरात तिने चौसष्ट मापे घेतली आणि प्रत्येक दोनदा तपासली. मोडलेल्या जागेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी खरी चारशे ऐंशी मिलिमीटर होती. माझ्यावर चारशे त्र्याहत्तर दिसली. तिने ४७३ लिहिले आणि खाली रेघ मारली. तिच्या अक्षरासारखे नेटके अक्षर मी पाहिलेले नाही.

घरी जाऊन तिने मातीचा हात केला आणि तो वाढवायला म्हणून सरळ वापरली. सरळ काही वाढवत नाही. म्हणजे मोजताना हात एकदा आखूड झाला, आणि धातू आकसल्यावर पुन्हा एकदा होणार होता.

पण हात काय झाला होता! ओतारी मेणाचा साचा न्यायला आला तेव्हा बाहेर माझ्या खिळ्याखाली उभा राहून म्हणाला, “ताई, ह्या हातात मी माझा जीवसुद्धा ठेवीन.” आणि आप्पा? आप्पा मातीच्या खोलीत खुर्ची घेऊन बसले. त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “आता काही बदलू नकोस.”

अठरा वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली स्तुती. थोरली बाहेरच्या खोलीत आली, दार लोटले आणि तोंडावर मातीचे हात तसेच दाबून रडली. आनंदाने. मी समोरच होते.

हात बसवायच्या दिवशी सकाळी अंगणात साठ-सत्तर माणसे जमली होती. डॉक्टर, परिचारिका, खिडक्यांतून रुग्ण. आप्पांना पुढे खुर्ची दिली होती. ओताऱ्याने साखळीने हात वर चढवला, थोरलीने तो टोकाला लावला. लावला, काढला, फिरवून लावला. नव्या हाताचे टोक जुन्या गोलाच्या आत बसत होते. भोवती सगळीकडून दीड मिलिमीटरची कड उघडी राहत होती. आणि दोन्ही हात शेजारी दिसताच कुणालाही कळले असते की उजवा आखूड आहे.

“हाडाचे डॉक्टर वर बसलेत, बोलवा त्यांना!” मागून कुणीतरी म्हणाले.

“अहो, लहानपणीचा असेल हात. वाढेल हळूहळू.”

अंगण हसले. थोरली परांचीवर उभी होती. तिने मला काढून लांबी मोजली. वहीतले ४७३ कुठेच येईना. तिने पुन्हा मोजली. तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडला.

“ताई, खाली या,” ओतारी हळूच म्हणाला. “घरी जाऊन बघू.”

तेव्हा आप्पा काठी टेकत उभे राहिले. “माप घेणं म्हणजे भाजी निवडणं नव्हे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. मग आवाज मऊ केला. “असू द्या, बाई. लेकरानं मन लावून केलंय. सांध्यात डाख भरून घ्या, बसेल. आणि पाटीवर नाव तिचंच राहू द्या. काम तिचं, तर नावही तिचंच.”

लोकांना वाटले, काय मोठे मन! अधीक्षक बाईंनी मान हलवली. सांध्यात वितळलेल्या धातूचा कड्यासारखा जाड डाख भरला गेला. पाटी लागली. त्या दिवसापासून हॉस्पिटलात सिस्टरला सगळे ‘आखूड सिस्टर’ म्हणू लागले आणि पाटी वाचून थोरलीचे नाव घेऊ लागले. मोठ्या पुतळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीन आठवडे थोरली मातीला शिवली नाही. जेवायला बसे आणि उठे. मग एके दिवशी सकाळी तिने वही उघडली. रडून झाले होते, आता तिला कुतूहल वाटू लागले होते. बसवण्यापूर्वी ओतशाळेत ओताऱ्याने तयार हाताची मापे घेऊन ठेवली होती, त्याच्या स्वतःच्या पट्टीने. तिने ती मागवली आणि हॉस्पिटलात जाऊन सिस्टरच्या डाव्या हाताची मापेही त्याच पट्टीने पुन्हा घेतली. दोन्ही आकडे शेजारी मांडले. डावी बोटे, उजवी बोटे, मनगट, लांबी. एकेक वजाबाकी केली.

हाताची चूक असती तर कुठे कमी पडले असते, कुठे जास्त. थकलेला माणूस चुकतो तो असा. पण ही चूक चौसष्टच्या चौसष्ट जागी एकाच दिशेची होती आणि एकाच प्रमाणात होती. हजाराला तीस. ती पेन्सिलीचे टोक त्या तिसावर ठेवून बसून राहिली.

“पंधरा दुणे,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती उठली, मला बाहेरच्या खिळ्यावरून काढले आणि मातीच्या खोलीत नेले. कायदा मोडला. तिने आम्हा दोघी बहिणींना पाटावर शेजारी ठेवले, शून्याला शून्य लावून. माझे टोक नऊ मिलिमीटर पुढे गेले. लाल पट्टा मात्र आखूड बहिणीवर होता. थोरली खाली वाकली. पट्ट्याची दातेरी कड तिने अगदी जवळून पाहिली.

आप्पा स्वयंपाकघरात चहा पीत होते. आई समोर बसून शर्टाला बटण लावत होती. थोरलीने आम्हा दोघींना टेबलावर ठेवले.

“हा पट्टा तुम्ही ओढलात, आप्पा.”

“कोणता?”

“कड बघा. ह्या घरात असा हात एकाचाच हलतो.”

आप्पांनी कप खाली ठेवला. नाकारतील असे मला वाटले होते. त्यांनी नाकारले नाही.

“अठरा वर्षं झाली तुला मातीत. एकदा तरी पट्टी तपासलीस?”

“तुम्ही टांगलेली होती.”

“हेच ते! बापानं टांगली म्हणून खरी? तपासून घ्यायची. आज शिकलीस. फी घेत नाही मी.”

“रस्त्यावरची माणसं माझं नाव घेऊन हसतात, आप्पा.”

“नाव हवं होतं ना तुला? मग ते कसं वाजतं तेही ऐक.”

आईच्या हातातली सुई थांबली. “अहो, लेक आहे ती तुमची!”

“म्हणूनच. परक्याला कोण एवढं शिकवतं?” त्यांनी बशी उचलली. बशीवर कप खडखडत राहिला. मग ते जरा खालच्या सुरात म्हणाले, “तो हात माझा होता. माझ्या हयातीत माझ्या हाताच्या जागी दुसऱ्या कुणाचा हात बसणार नाही.”

थोरलीने आम्हाला उचलले आणि ती उठून गेली. त्यानंतर त्या घरात ती आप्पांशी एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल लावा, गंजू देऊ नका, असे मी सांगू शकते आणि तेही खरेच आहे. पण माझी विनंती वेगळी आहे. पट्टी हातात घेतली की आधी पट्टीच मोजा. दुसऱ्या पट्टीशी लावून बघा, मग तिसरीशी. ज्याने ती तुमच्या हातात दिली त्याच्यावर तुमचे कितीही प्रेम असो. मला तोंड असते तर मी त्या दुपारी ओरडले असते. पट्ट्यांना तोंड नसते. आमच्यावर फक्त रेघा असतात, आणि रेघा तुम्ही वाचाल तशाच वाचल्या जातात.

थोरली अधीक्षक बाईंकडे गेली आणि म्हणाली, “हात कापून पुन्हा करते. माझ्या खर्चानं. एक महिना द्या.”

“चूक कशी झाली, ते तरी सांगा.”

“पट्टी चुकली.”

“पट्टी चुकते होय? माणूस चुकतो.”

“हो,” थोरली म्हणाली.

बाईंनी दिनदर्शिकेत एका तारखेवर खूण केली. “एक महिना. तेव्हा बसला नाही तर पुतळा गोदामात जाईल आणि दोन्ही कामं दुसऱ्याला देईन. मग माझ्याकडे येऊ नका.”

तिने सरळवरचा लाल पट्टा पुसला आणि माझ्यावर नवा ओढला. कड सरळ आली. करवत लावून आखूड हात कापला. मोडक्या टोकाची प्लॅस्टरमध्ये छाप घेतली. साय निघाली नाही, तेलाचा हात आधी फिरवला की निघत नाही. ही गोष्ट आप्पांना ठाऊक नव्हती असे समजायला मी तयार नाही. मग तिने माती मळली आणि मला हातात घेतले. मी पुन्हा माझे काम करू लागले. पण ते जुने दिवस परत आले असे मला वाटले नाही. थोरली आता मातीशी बोलत नव्हती. पूर्वी ती बोटे करताना गुणगुणत असे.

अठराव्या दिवशी आप्पांच्या छातीत पाणी झाले. त्यांना त्याच हॉस्पिटलात नेले. पहिल्या मजल्यावर खाट मिळाली आणि खाटेला लागून खिडकी होती, अंगणावर उघडणारी. आई तिथेच राहू लागली. तिचा निरोप रोज येई. ते तुझी चौकशी करतात. आज जेवले नाहीत. थोरले म्हणून हाक मारत होते झोपेत. थोरली निरोप ऐके आणि मान डोलावून माती ओली करे. एकदा ओतारीच म्हणाला, “ताई, मी जाऊन आलो. फार सुकलेत. एकदा तोंड दाखवून या.”

“काका, साचा कधी उघडताय?”

“परवा.”

“मग परवापर्यंत मला काही विचारू नका.”

तिसाव्या दिवशी सकाळी ती परांचीवर होती. कायदा आता कुणी पाळत नव्हते, म्हणून आम्ही दोघी बहिणी तिच्या एप्रनच्या एकाच खिशात होतो. ह्या वेळी माणसे जमवली नव्हती. फक्त ओतारी, साखळी आणि खाली छत्रीखाली अधीक्षक बाई. हात वर आला. पहिल्यांदा लावला तेव्हा दोन जागी अडला. थोरलीने त्या जागा कानशीने घासल्या. धातूचा किस तिच्या पापण्यांवर बसला.

जिन्यावरून आई खाली आली. “अगं, ते विचारतायत. खिडकीतून दिसतेस तू. म्हणतात, दोन मिनिटं ये म्हणावं.”

“आले,” थोरली म्हणाली आणि घासत राहिली.

अर्ध्या तासाने आई पुन्हा आली. ह्या वेळी धावत. “थोरले, डॉक्टर म्हणतात आता फार वेळ नाही. त्यांना काहीतरी सांगायचंय तुला. अगं, हात जोडते मी.”

परांचीपासून जिना चोवीस पावले होता. जिन्याला पायऱ्या एकवीस. हे मी तिच्या खिशातून मोजलेले आहे, कारण आप्पांना इथे आणल्यावर एकदा टोकाची मापे तपासायला आली त्या दिवशी ती वरपर्यंत गेली होती आणि परत फिरली होती.

“जा ताई,” ओतारी म्हणाला. “हात मी धरून ठेवतो. पळून जात नाही तो.”

“साखळी अर्धा इंच सोडा.”

“ताई!”

“आई, त्यांना सांग,” थोरली वर न पाहता म्हणाली, “मी पट्टी तपासतेय.”

आई पुन्हा वर गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यात लांबपर्यंत ऐकू आला. वरच्या खिडकीचा पडदा बाजूला केलेला होता. ऊन काचेवर होते, त्यामुळे आत कोण पाहते आहे ते दिसत नव्हते.

हात तिसऱ्यांदा लावला. या वेळी तो आवाज न करता बसला. थोरलीने दोन्ही हातांची लांबी सरळने मोजली. डावा चारशे ऐंशी, उजवा चारशे ऐंशी. छत्रीखालून अधीक्षक बाई म्हणाल्या, “सांधा?”

सांध्यातली फट मोजायला पोलादी पात्यांचा जुडगा असतो. प्रत्येक पात्याची जाडी त्याच्यावर लिहिलेली असते. जे पाते फटीत शिरते तेवढी फट. थोरलीने सांध्याभोवती खडूने सोळा खुणा केल्या आणि पहिल्या खुणेपासून सुरुवात केली.

ती सहाव्या खुणेवर होती तेव्हा आई तिसऱ्यांदा जिन्यावर आली. ह्या वेळी तिने हाक मारली नाही. ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली. तिच्या हातात आप्पांचा चष्मा होता. ओताऱ्याने तो पाहिला, साखळीला गाठ मारली आणि डोक्यावरची टोपी काढली. बाईंनी छत्री मिटली. थोरलीने मान वळवून आईकडे पाहिले, चष्म्याकडे पाहिले, आणि पाते सातव्या खुणेवर नेले. तिचा हात हलत नव्हता.

सोळाही जागी पाते लावून झाले. सर्वांत मोठी फट शून्य पूर्णांक एक मिलिमीटर भरली.